कोॲग्युचेक एक्सएस: हृदयपंप बसवलेल्या मुलाच्या घरी, बडोद्याच्या हवेत

बोटाच्या एका थेंबातून मिनिटभरात आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, दाखवणारं रोशचं हे छोटं यंत्र मुख्यतः कृत्रिम झडप बसवलेल्या मोठ्या माणसांसाठी घेतलं जातं. इथे ते एकाच गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिलं आहे: छातीत यांत्रिक पंप असलेलं मूल घरी आहे, पंप बसवणारं केंद्र मुंबईला किंवा चेन्नईला आहे आणि घर दांडिया बाजारात नाहीतर राजमहल रोडला आहे. अशा घरासाठी आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. मूल ॲसिट्रोम किंवा वॉरफेरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असेल आणि आकडा कळवल्यावर त्याच दिवशी उत्तर देणारा माणूस केंद्रात असेल, तर यंत्र घ्यावं. दोन्हींपैकी एक नसेल तर ते पैसे कपाटात पडून राहतील.

पंप आणि स्ट्रोक यांचं नातं समजल्याशिवाय या यंत्राची किंमत कळत नाही. रक्त प्लॅस्टिकला किंवा धातूला लागलं की गोठायला बघतं. पंपात, त्याच्या तोंडाशी किंवा नळीच्या जोडापाशी गुठळी झाली आणि तिचा तुकडा सुटला, तर तो महाधमनीतून थेट मेंदूकडे जाऊ शकतो. ते टाळायला रक्त पातळ ठेवायचं, तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती. म्हणजे स्ट्रोक दोन्ही बाजूंनी येतो आणि मुलाने मधल्या अरुंद पट्ट्यात राहायचं असतं.

लहान मुलांसाठीच्या बर्लिन हार्ट एक्सकोर पंपाची अमेरिकेतली मुख्य चाचणी २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. ४८ मुलं, २४-२४ चे दोन गट. दोन्ही गटांत २९ टक्के मुलांना स्ट्रोक झाला. त्यानंतर बालहृदय केंद्रांनी २०१७ पासून ॲक्शन नावाच्या जाळ्यात एकत्र येऊन तीन गोष्टींवर जोर दिला: रक्त पातळ ठेवण्याची एकसारखी पद्धत, रक्तदाबावर ताबा आणि टीममधला संवाद. रक्त पातळ ठेवायला शिरेतून दिल्या जाणाऱ्या हेपरिनऐवजी बायव्हॅलिरुडिन हे औषध वापरण्याकडेही कल वाढला. स्ट्रोकचं प्रमाण खाली आलं, शून्य झालं नाही. हार्टवेअरचा एचव्हीएडी पंप तर जून २०२१ मध्ये बाजारातून काढून घ्यावा लागला. मेंदूच्या घटना जास्त होत होत्या आणि बंद पडलेला पंप पुन्हा सुरू न होण्याचा दोषही होता. आता मोठ्या मुलांत हार्टमेट ३ जास्त दिसतो. त्याचं पातं चुंबकाने अधांतरी फिरतं, रक्त जायला जागा ऐसपैस आहे, आणि दर दोन सेकंदांनी पंप आपला वेग कमी-जास्त करून आतल्या कोपऱ्यांतलं साचलेलं रक्त हलवतो. अमेरिकेत मुलांसाठी त्याला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. घरी येतात ती मुख्यतः ही मुलं, आणि हे यंत्रही त्यांच्याच कामाचं.

एक्सकोरवरच्या बाळाला त्याचा जवळपास उपयोग नाही. ते बाळ रुग्णालयातच असतं. पंप शरीराबाहेर आणि पारदर्शक असल्यामुळे नर्स टॉर्च मारून झडपांपाशी आणि जोडांपाशी पांढरे धागे किंवा काळपट गुठळी दिसते का ते रोज अनेकदा बघतात. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळांना बहुतेकदा रक्त पातळ ठेवणाऱ्या एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं असतात. त्यांचा परिणाम आयएनआरमध्ये दिसत नाही, त्यासाठी अँटी-एक्सए ही वेगळी तपासणी लागते. बायव्हॅलिरुडिन चालू असेल तर आयएनआर उगाच वाढलेला दिसतो. मेडिकलवाला हे सांगणार नाही, म्हणून खरेदीआधी गोळी कोणती हे प्रिस्क्रिप्शनवर बघा.

आता यंत्र. चार बारीक पेन्सिल सेल (ट्रिपल ए) लागतात. स्ट्रिपच्या प्रत्येक डब्यासोबत एक कोड चिप येते आणि डबा बदलला की चिप बदलायची. जुनी चिप राहिली तर यंत्र अडवतं, ही सोय चांगली. स्ट्रिप आत सरकवली की यंत्र ती स्वतः गरम करतं, मग थेंबाचं चिन्ह लुकलुकतं आणि १८० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्या वेळात किमान ८ मायक्रोलिटर रक्त लावायचं. साखर मोजायच्या पट्टीला पुरतो त्याहून हा थेंब बराच मोठा, आणि मुलांच्या घरात पहिली अडचण इथेच येते. आयएनआर ०.८ ते ८.० पर्यंत मोजला जातो. स्ट्रिप खराब झाली आहे का, याची तपासणी प्रत्येक चाचणीत स्ट्रिपमध्येच होते, त्यासाठी वेगळं द्रावण लागत नाही.

पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन एकक आयएनआर आहे ना ते पाहा. हेच यंत्र निकाल टक्क्यांत किंवा सेकंदांतही दाखवू शकतं. टक्के आणि आयएनआर उलट दिशेने चालतात, त्यामुळे कोणी चुकून एकक बदललं आणि तो आकडा फोनवर सांगितला, तर गोळी नेमकी उलट्या बाजूला बदलली जाईल. तारीख आणि वेळही बरोबर लावा. स्ट्रिपची मुदत यंत्र त्या तारखेवरूनच ठरवतं.

बडोद्यात सर्वांत जास्त गोंधळ हवेमुळे होतो. स्ट्रिप २ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात आणि यंत्र १८ ते ३२ अंशांत चालतं. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना दुपारी बारा-एकला पंखा-कूलरच्या खोलीत ३२ ची मर्यादा सहज ओलांडली जाते. यंत्र तापमानाची खूण दाखवून थांबतं आणि घरच्यांना ते बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं नसतं. उन्हाळ्यात पहाटे मोजा, किंवा एसी असलेल्या खोलीत यंत्र अर्धा तास ठेवून मग मोजा. कूलरच्या झोतात मात्र स्ट्रिपचा डबा उघडू नका. ओलावा हा तिचा दुसरा शत्रू. स्ट्रिप काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं आणि काढलेली स्ट्रिप १० मिनिटांत वापरायची. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर दाराच्या कप्प्यात नको, आत ठेवा. बाहेर काढल्यावर बंद डबा आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. जानेवारीत उलटा प्रकार: जुन्या वाड्यातल्या खोलीत पहाटे १८ च्या खाली जातं, तेव्हा मोजणी दहा-अकराला.

स्कूटरच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत स्ट्रिप एक तासही ठेवू नये. कुरिअरने मागवत असाल तर एप्रिल ते जून टाळा. वर्षभराचा साठा एकदम करण्यात अर्थ नाही, मुदत आधी संपते.

मुलाचं बोट टोचण्याची रीत नीट जमली तर निम्म्या स्ट्रिप वाचतात. हात कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडा करा. ओल्या बोटाने रक्त पातळ होतं, स्पिरिट राहिलं तर निकाल बिघडतो. हात मिनिटभर खाली लोंबता ठेवा. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला, मधोमध नव्हे तर कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. आधी स्ट्रिप आत, थेंबाचं चिन्ह येऊ द्या, मग टोचणी. उलटं केलं तर थेंब वाट बघत गोठायला लागतो. टोचल्यापासून १५ सेकंदांत रक्त स्ट्रिपला लागलं पाहिजे. बोटाच्या मुळापासून टोकाकडे हलकेच दाब द्यायला हरकत नाही, पण टोक पिळून रक्त काढायचं नाही. पिळल्याने पेशींमधला रस रक्तात मिसळतो, आणि त्यात रक्त गोठवणारा घटक असतो. थेंब कमी पडला तर वरून दुसरा थेंब घालू नका. ती स्ट्रिप फेका, दुसरं बोट घ्या, नवी सुई घ्या. स्ट्रिपची किंमत डोळ्यांसमोर येते आणि हात आपोआप दुसऱ्या थेंबाकडे जातो. तो मोह टाळा. यंत्र सपाट जागेवर असू द्या, मांडीवर धरून हलवू नका.

रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, २५ ते ५५ टक्क्यांच्या मध्ये असेल तरच आकड्यावर भरवसा ठेवता येतो. शस्त्रक्रियेनंतर फिकट पडलेलं मूल या खालच्या हद्दीशी असू शकतं. घरी येताना डिस्चार्ज कार्डावरचा हा आकडा बघून ठेवा. हेपरिन ०.८ युनिट प्रति मिलिलिटरपर्यंत यंत्राला अडवत नाही, पण आयव्ही हेपरिन चालू असताना किंवा नुकतंच बंद झालं असताना घरच्या यंत्रावर विसंबू नये. ल्युपस प्रकारची प्रतिद्रव्यं (गोठण्याच्या तपासणीत ढवळाढवळ करणारी) असलेल्या रुग्णात आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो.

आणि लॅबशी तुलना? घरचा आकडा २.४ आणि रावपुऱ्यातल्या लॅबचा २.९ आला की भांडण सुरू होतं. दोन्ही बरोबर असू शकतात. अशा यंत्रांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १७५९३, आयएनआर २ ते ४.५ च्या दरम्यान ९० टक्के वाचनांत ३० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतं. हिशेब करून पाहा: लॅबचा आकडा २.५ असेल तर १.७५ ते ३.२५ मधलं काहीही मानकात बसतं. २ ते ३ च्या पट्ट्यात ठेवायच्या मुलासाठी हे फारच सैल आहे, आणि ही आमची मुख्य तक्रार. प्रत्यक्षात यंत्र बहुधा याहून जवळ राहतं, पण कागदावर सूट एवढी आहे. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत शिरेतलं रक्त आणि बोटाचं रक्त एकाच बैठकीत तपासून फरक किती आणि कुठल्या बाजूला आहे हे लिहून ठेवा. एकाच मुलात तो फरक साधारण एकाच दिशेचा असतो. केंद्राला तो कळला की पुढचे आकडे वाचता येतात. नंतर दर दोन-तीन महिन्यांनी ही जोडी पुन्हा करा. यंत्रावर ४.५ च्या वर काही दिसलं तर केंद्राला कळवा आणि शिरेतल्या रक्ताने खात्री करून घ्या. २०१८ मध्ये रोशला याच स्ट्रिपचा मोठा साठा परत घ्यावा लागला होता, कारण नव्या प्रमाणीकरणानंतर ४.५ च्या वरचे आकडे चुकीचे वाढलेले येत होते.

लॅबही चुकते हे लक्षात असू द्या. आयएनआरच्या निळ्या टोपणाच्या नळीत ०.२ मिलिलिटर सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण) असेल तर १.८ मिलिलिटर रक्त खुणेपर्यंत भरावं लागतं, नऊला एक. मुलाची शीर सापडत नाही म्हणून नळी अर्धी भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर उगाच वाढतो. अशी नळी दिसली तर नमुना पुन्हा द्या. लॅब एकच धरा. दोन लॅबची रसायनं वेगळी, त्यामुळे आकडेही थोडे वेगळे.

आकडा वर-खाली का जातो, यात बडोद्याच्या ऋतूंचा हात मोठा आहे. हिवाळ्यात मेथी, पालक, शेपू, पातऱ्याची पानं, उंधियोतले मुठिये, सगळ्यांत व्हिटॅमिन के भरपूर. आठवडाभर रोज खाल्लं तर आयएनआर खाली येतो. पालेभाजी बंद करणं हा उपाय नव्हे, उलट मग एखाद्या लग्नातल्या जेवणानेही आकडा डळमळतो. आठवड्याचं प्रमाण साधारण सारखं ठेवा. नळीने पोषण चालू असलेल्या मुलांच्या तयार पावडरमध्येही व्हिटॅमिन के असतं, ब्रँड बदलण्याआधी केंद्राला विचारा.

उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात जुलाब लागतात, मूल खात नाही, आयएनआर वर जातो. त्यावर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल असलेली जुलाबाची गोळी आणली की तो फार वर जातो. घरच्यांनी धोक्याचं एकच औषध पाठ करायचं असेल तर ते हे. को-ट्रायमोक्साझोल आणि फ्लुकोनाझोलही त्याच वाटेचे. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आकडा खाली ओढतात. तापाला पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन किंवा त्याची मिश्र गोळी मात्र केंद्राला विचारल्याशिवाय देऊ नये. डेंग्यूच्या दिवसांत ताप आला तर आयएनआर बरोबर आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. प्लेटलेट घसरल्या असतील तर हे यंत्र त्याबद्दल काहीच बोलत नाही, आणि मूल ॲस्पिरिनवर असेल तर तिचा परिणामही यात दिसत नाही.

ॲसिट्रोम आणि वॉरफेरिन यांचे मिलिग्रॅम एकमेकांना लावता येत नाहीत. ॲसिट्रोम शरीरातून बरीच लवकर उतरते, त्यामुळे तिचा एक डोस चुकला तरी आकड्यात लवकर दिसतो. गरब्याच्या रात्रीत दहाची गोळी एकला दिली जाते, तेव्हा हेच होतं. डोस बदलल्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. रोज मोजून रोज गोळी बदलणारी घरं आकड्याच्या मागे धावत राहतात आणि तो कधीच स्थिर होत नाही. स्थिर मुलात आठवड्याला एकदा पुरतं. ताप, जुलाब, नवं औषध किंवा डोसबदल झाल्यावर केंद्र सांगेल तेव्हा जास्त वेळा. डोस घरी ठरवायचा नाही.

यंत्रात ३०० निकाल साठतात, पण त्यांच्याशेजारी कारण लिहायची सोय नाही. म्हणून वही हवीच: तारीख, आयएनआर, घेतलेला डोस, ताप-जुलाब, नवं औषध. त्याच ओळीत पंपाच्या कंट्रोलरवरचे आकडेही लिहा, म्हणजे प्रवाह, वेग, पॉवर आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स (ठोक्यागणिक प्रवाह किती वर-खाली होतो ते). वेग बदललेला नसताना पॉवर चढत गेली तर पंपात गुठळीची शंका येते, मग आयएनआर २.५ असला तरी. लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली तर लाल पेशी फुटत असतील. त्याच दिवशी फोन करायचा, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

रक्तदाब हा या यंत्राच्या कक्षेबाहेरचा अर्धा भाग. आयएनआर पट्ट्यात आणि रक्तदाब चढलेला, या जोडीतून मेंदूतला रक्तस्राव होऊ शकतो. हार्टमेटवर नाडी क्षीण असते, घरातलं ऑटोमॅटिक मशीन अनेकदा एरर देतं किंवा काहीतरी छापतं. पट्टा आणि हातात धरायचा डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह ऐकवणारं उपकरण), दोन्ही वापरायला केंद्राकडून शिकून घ्या आणि मुलासाठीची वरची मर्यादा लिहून घ्या. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी डॉपलर की आधी हे यंत्र? लॅब चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर आम्ही डॉपलर म्हणू. आयएनआर लॅबमध्ये होतो, डॉपलरने दाब मोजून देणारं कोपऱ्यावर कोणी मिळत नाही.

उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर मांजाने बोट कापलं तर कोरड्या कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. डोक्याला मार लागला असेल तर बाहेरून काही दिसत नसलं तरी रुग्णालय.

स्ट्रोकच्या खुणा: तोंड एका बाजूला ओढलं जाणं, एक हात-पाय ढिला पडणं, बोलणं अडखळणं, अचानक झटके, उलटीसह तीव्र डोकेदुखी, जाग न येणारी झोप. लहान मूल सांगू शकत नाही, ते अचानक एकच हात वापरू लागतं. अशा वेळी बोट टोचत बसू नका. १०८ लावा, दुसऱ्या फोनवरून केंद्राला कळवा, शेवटचा आयएनआर आणि शेवटच्या गोळीची वेळ वहीतून वाचून दाखवा. सरकारी सयाजी रुग्णालय असो की खासगी, इमर्जन्सीतल्या डॉक्टरांना तीन वाक्यं सांगायची: छातीत पंप आहे, नाडी लागली नाही तरी पंप चालू असू शकतो, एमआरआय चालत नाही, सीटी करा. हीच वाक्यं गुजरातीत आणि इंग्रजीत लिहून कंट्रोलरच्या पिशवीत ठेवा. सोबत चार्ज केलेल्या बॅटऱ्यांची दुसरी जोडी आणि पर्यायी कंट्रोलर न्यायचा.

खरेदीबद्दल थोडं. यंत्राचा खर्च एकदाच, स्ट्रिपचा पंप असेपर्यंत. आठवड्याला एक धरली आणि वाया जाणाऱ्या जोडल्या तर २४ चा डबा साडेचार-पाच महिने पुरतो. सुरुवातीच्या शिकाऊ दिवसांत तेवढाही नाही. डबा घेताना मुदत निदान सहा महिने पुढची आहे का आणि कोड चिप आत आहे का, दुकानातच उघडून बघा. दुकानदाराने स्ट्रिप कुठल्या कपाटात ठेवल्या होत्या तेही विचारा. काचेच्या शोकेसमध्ये उन्हासमोर असतील तर दुसरं दुकान गाठा. जुनं, वापरलेलं यंत्र मिळत असेल तर लॅबशी जोडी जुळवून मगच घ्या. लॅन्सेट पेनची (बोट टोचायच्या पेनची) खोली मुलासाठी आधी कमीत कमी ठेवा आणि थेंब पुरत नसेल तर एकेक आकडा वाढवा.